विश्लेषण : घर, दुकान, दवाखान्यासाठी व्हीलचेअर लिफ्ट कशी निवडायची? आधी टेप, मग कोटेशन

मुदखेड : ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या खार इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात एक लग्न झालं. नवरी होत्या दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी. त्या व्हीलचेअर वापरतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, वर जायला लिफ्ट नाही, आणि अधिकारी खाली यायला तयार नाहीत. शेवटी त्यांना उचलून दोन मजले वर नेण्यात आलं. त्यांनी हा अनुभव समाजमाध्यमावर लिहिला, तो देशभर गाजला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

मुंबईत त्याची बातमी झाली. तालुक्याच्या गावात मात्र माणसाला खुर्चीसकट उचलणं ही रोजची गोष्ट असते आणि त्याची बातमी होत नाही. मुदखेडच्या बाजारात दुकानासमोर नाली, नालीवर फरशी, त्यापुढे तीन-चार पायऱ्या आणि मग शटर. दवाखाना, क्लास, पतसंस्था असेल तर तीही बऱ्याचदा वरच्या मजल्यावर. घराचं जोतं पावसाच्या पाण्यापासून वाचण्यासाठी दोन-अडीच फूट उचललेलं. लकवा झालेल्या आईला किंवा अपघातानंतर व्हीलचेअरवर आलेल्या मुलाला अशा घरातून बाहेर काढायचं तर दोन माणसं लागतात. मग दवाखान्याशिवाय बाहेर पडणंच हळूहळू बंद होतं.

अशा वेळी घरातलं कुणीतरी मोबाइलवर ‘व्हीलचेअर लिफ्ट’ शोधतं. समोर येतात हायड्रॉलिक, स्क्रू, ट्रॅक्शन, व्हॅक्यूम, स्टेअर लिफ्ट अशी नावं आणि लाखांतले आकडे. यातलं नेमकं काय घ्यायचं, की काहीच घ्यायची गरज नाही? समजून घेऊ.

पहिला प्रश्न : लिफ्ट खरंच लागते का?

याचं उत्तर एका मापात आहे. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतची उभी उंची टेपने मोजा. रॅम्पसाठी सर्वमान्य उतार 1:12 आहे. म्हणजे एक इंच चढण्यासाठी 12 इंच लांबी हवी. यापेक्षा उभा रॅम्प केला तर व्हीलचेअरवरच्या माणसाला स्वतः चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची हातातून सुटण्याची भीती असते.

हिशेब असा :

- एक पायरी, 6 इंच : 6 फूट रॅम्प
- दोन पायऱ्या, 1 फूट : 12 फूट
- चार पायऱ्या, 2 फूट : 24 फूट
- उंच जोतं, 3 फूट : 36 फूट, मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी
- पूर्ण मजला, 10 फूट : 120 फूट

एक-दोन पायऱ्यांसाठी लिफ्टचा विचार करू नका. गवंडी दोन दिवसांत रॅम्प करून देतो आणि खर्च हजारांत राहतो. जागा नसेल तर घडीचा किंवा उचलून ठेवता येणारा लोखंडी रॅम्प चालतो. फक्त तो 1:12 च्या हिशेबात बसतो का ते पाहा. दुकानासमोर दिसणारे दोन-तीन फुटी लोखंडी पत्रे मोटारसायकल आत घेण्यासाठी असतात. त्यांचा उतार व्हीलचेअरसाठी धोक्याचा आहे.

दोन ते तीन फुटांची उंची आणि समोर तेवढी जागा नाही, इथून लिफ्टचा विषय सुरू होतो. उदाहरणार्थ, जोतं अडीच फूट आणि अंगण 12 फूट लांब असलेलं घर घ्या. रॅम्पला 30 फूट लागतात. वळण घेऊन दोन तुकड्यांत केला तरी प्रत्येक तुकडा 15 फुटांचा होतो आणि वळायला पाच फुटांची सपाट जागा वेगळी लागते. रॅम्प बसत नाही. तिथे साधारण पाच बाय सहा फुटांत मावणारी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट काम करते.

वरच्या मजल्यासाठीही थेट लिफ्टकडे जाण्याआधी एक पर्याय तपासा. खोली खाली आणता येईल का? घरात खालची बैठकीची खोली आजींना देऊन शेजारी कमोडची सोय केली तर खर्च लिफ्टच्या तुलनेत बराच कमी येतो. डॉक्टरांना तळमजल्यावर एक तपासणीची खोली ठेवता येते, पतसंस्थेला एक खिडकी खाली देता येते. खारच्या घटनेतही अधिकारी रजिस्टर घेऊन खाली आले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. खोली हलवणं शक्य नसेल, किंवा माणसाला सगळ्या घरात वावरायचं असेल, तेव्हा लिफ्ट घ्यावी.

व्हीलचेअर लिफ्टचे प्रकार कोणते?

बाजारात एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

*उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट :* खुर्चीसकट उभं राहायचा एक सपाट प्लॅटफॉर्म, बाजूला कठडे आणि दार. जोत्याच्या उंचीसाठीची छोटी लिफ्ट उघडी असते. मजला चढणारी लिफ्ट मात्र चारही बाजूंनी बंदिस्त हवी. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत दोन मीटरपर्यंतच्या चढाईलाच उघडी लिफ्ट चालते, त्यापुढे बंदिस्त शाफ्ट लागतो. तोच दंडक आपल्याकडे पाळलेला बरा. घरात लहान मुलं असतील तर तो मोडूच नये.

*तिरपी प्लॅटफॉर्म लिफ्ट :* जिन्याच्या बाजूने बसवलेल्या रुळावर प्लॅटफॉर्म सरकतो आणि वापर नसताना भिंतीला घडी होऊन चिकटतो. स्लॅब फोडावा लागत नाही, हा फायदा. पण जिना पुरेसा रुंद हवा. गावातल्या घरांचे अडीच-तीन फुटी जिने याला पुरत नाहीत. प्लॅटफॉर्म चालू असताना जिना बाकीच्यांसाठी बंद होतो, हेही लक्षात ठेवावं.

*स्टेअर लिफ्ट :* ही रुळावर सरकणारी खुर्ची असते. व्हीलचेअर यात जात नाही. माणसाला व्हीलचेअरवरून उठून या खुर्चीत बसावं लागतं आणि वर पोहोचल्यावर दुसऱ्या व्हीलचेअरवर जावं लागतं. गुडघेदुखीच्या आजोबांसाठी ती चांगली आहे. कमरेखाली ताकद नसलेल्या माणसासाठी प्रत्येक फेरीला दोन वेळा उचलाउचल होते.

*होम लिफ्ट :* नेहमीच्या लिफ्टचं छोटं रूप. दोन-तीन मजल्यांच्या घराला आणि जिथे बाकी कुटुंबही लिफ्ट वापरणार तिथे सोयीची. पण ‘तीन माणसांची लिफ्ट’ म्हणजे व्हीलचेअरची लिफ्ट नव्हे. तीन माणसं उभी राहतात तेवढ्या जागेत खुर्ची मावेलच असं नाही. गोल काचेच्या नळीसारख्या व्हॅक्यूम लिफ्टच्या लहान मॉडेलमध्ये तर खुर्ची जातच नाही.

मापं कोणती घ्यावीत?

सगळ्यात आधी खुर्ची मोजा, आणि ती माणूस बसलेला असताना. पायाची बोटं फूटरेस्टच्या पुढे येतात, कोपरं चाकांच्या बाहेर जातात. हाताने चालवायच्या साध्या व्हीलचेअरची कमाल मापं 700 मिलिमीटर रुंद आणि 1200 मिलिमीटर लांब धरली जातात. बॅटरीवरची खुर्ची किंवा पाठ मागे झुकणारी खुर्ची याहून मोठी असू शकते.

त्यानुसार आतल्या जागेचा अंदाज असा :

- माणूस एकटा जाणार, बंदिस्त प्लॅटफॉर्म : किमान 900 बाय 1400 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 3 फूट बाय 4 फूट 7 इंच
- सोबत मदतनीस, किंवा एका बाजूने आत जाऊन काटकोनात दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं : किमान 1100 बाय 1400 मिलिमीटर
- दाराची मोकळी रुंदी : 900 मिलिमीटर. चौकटीचं बाहेरचं माप धरू नका, दार उघडल्यावर उरणारी जागा मोजा
- दोन्ही मजल्यांवर लिफ्टच्या दारासमोर : सुमारे 1500 बाय 1500 मिलिमीटर मोकळी सपाट जागा, म्हणजे खुर्ची वळते

चौथं माप सर्वाधिक वेळा विसरलं जातं. वर लिफ्ट थांबते ती अरुंद बोळकंडीत, आणि खुर्ची बाहेर येऊन वळतच नाही. दारं समोरासमोर ठेवली, म्हणजे खाली एका बाजूने आत आणि वर दुसऱ्या बाजूने बाहेर, तर लिफ्टमध्ये खुर्ची वळवावी लागत नाही. उलट्या पावली बाहेर पडणंही टळतं.

बटणं बसल्या जागेवरून हाताला यावीत. जमिनीपासून साधारण तीन ते साडेतीन फूट उंची योग्य, आणि कोपऱ्यात नकोत. कोपऱ्यात खुर्चीचं फूटरेस्ट आधी भिंतीला लागतं, हात पोहोचत नाही.

वजनाचा हिशेबही कागदावर करा. माणूस 80 किलो, साधी खुर्ची 20 किलो, मदतनीस 60 किलो, एकूण 160. तेच बॅटरीवरच्या 100 किलोच्या खुर्चीने केलं तर 240 होतात. 250 किलो क्षमतेची लिफ्ट तिथे काठावर येते. आज साधी खुर्ची असली तरी पाच वर्षांनी बॅटरीची येऊ शकते, हे धरून 300 किलोच्या पुढे गेलेलं बरं.

हायड्रॉलिक, स्क्रू की ट्रॅक्शन?

दुकानदार सर्वाधिक वेळ यावर बोलतो. ग्राहकाने मात्र यंत्रणेचं नाव बाजूला ठेवून चार प्रश्न विचारावेत : लाइट गेल्यावर काय होतं, खड्डा किती लागतो, आवाज किती, दुरुस्ती कोण करतं.

- *हायड्रॉलिक :* तेलाच्या दाबाने पिस्टन वर जातो. खाली यायला गुरुत्वाकर्षण पुरतं, त्यामुळे लाइट गेली तरी व्हॉल्व्ह उघडून लिफ्ट सावकाश खाली आणता येते. पंप आणि टाकीसाठी शेजारी कपाटाएवढी जागा लागते. तेल गळतं का, हे नियमित पाहावं लागतं.
- *स्क्रू :* लांब उभ्या आट्यांच्या दांड्यावर नट फिरतं आणि प्लॅटफॉर्म चढतो. मशीन रूम लागत नाही, खड्डा अगदी कमी. आवाज थोडा जास्त असतो. नटाची झीज ठरावीक काळाने मोजावी लागते. मुख्य नट झिजलं तर भार पेलणारं दुसरं सुरक्षा नट आहे का, ते विचारा.
- *ट्रॅक्शन :* वायर रोप किंवा पट्ट्यावर चालणारी. जास्त मजल्यांसाठी आणि सततच्या वापरासाठी बरी. खाली खड्डा आणि शेवटच्या मजल्यावर डोक्यावर जास्त उंची लागते. लाइट गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरीची यंत्रणा, म्हणजे एआरडी, त्यात आहे का ते पाहा.

वेगाची चिंता करू नका. युरोपच्या प्लॅटफॉर्म लिफ्टच्या मानकात कमाल वेग सेकंदाला 0.15 मीटर आहे. या वेगाने तीन मीटरचा मजला चढायला 20 सेकंद लागतात. अशा बऱ्याच लिफ्टमध्ये बटण दाबून धरावं लागतं, बोट उचललं की लिफ्ट थांबते. ही सोय सुरक्षेसाठी आहे, पण लकव्यानंतर बोटांत ताकद नसलेल्या माणसाला 20 सेकंद बटण दाबून धरणं जड जाऊ शकतं. अशा वेळी मोठं बटण किंवा जॉयस्टिक मागा. वापरणाऱ्यानेच ते दाबून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

मराठवाड्यातल्या घरांसाठी वेगळं काय पाहावं?

*लाइट :* घरगुती वापराच्या बऱ्याच लिफ्ट सिंगल फेजवर चालतात. तरी मंजूर भार पुरेसा आहे का, हे महावितरणच्या कार्यालयात तपासा. लिफ्टसाठी स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. साधा घरगुती इन्व्हर्टर मोटारचा सुरुवातीचा ओढा पेलेलच असं नाही. त्यामुळे ‘घरात इन्व्हर्टर आहे’ या भरवशावर राहू नका, लिफ्टची स्वतःची बॅटरी मागा. व्होल्टेज खाली आलं तर लिफ्ट किती व्होल्टपर्यंत चालते, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या.

*पाणी :* खड्डा खणून बसवलेल्या लिफ्टमध्ये पावसाळ्यात नालीचं पाणी शिरलं तर सेन्सर, वायरिंग आणि लोखंड तिन्हींचं नुकसान होतं. खड्ड्याला पाणी बाहेर जायची वाट नसेल तर खड्ड्याशिवाय बसणारं मॉडेल घ्या. त्यात प्लॅटफॉर्म जमिनीपासून दोन-तीन इंच वर राहतो, म्हणजे समोर दोन-तीन फुटांचा छोटा उतार करावा लागतो. अंगणातल्या लिफ्टवर छप्पर हवंच. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उघड्यावरचं लोखंडी कंट्रोल पॅनल सावलीत असणं गरजेचं आहे.

*भिंती आणि स्लॅब :* आरसीसीच्या घरात स्लॅबला चौकोन पाडण्याआधी बीम कुठून जातात, ते स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहून घ्या. ‘बीम थोडाच तोडायचाय’ असं मिस्त्री म्हणाला तर काम थांबवा. जुनं माळवदाचं, दगड-मातीच्या भिंतींचं घर असेल तर लिफ्टचा भार त्या भिंतीवर देऊच नये. अशा भिंती किती दुबळ्या असतात, हे 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिवने पाहिलं आहे. तिथे स्वतःच्या पायावर उभा राहणारा लोखंडी सांगाडा घराबाहेरून उभारणं सुरक्षित.

*फॅब्रिकेशनची लिफ्ट :* गावोगावी वेल्डिंगच्या दुकानात चेन पुली आणि मोटार लावून ‘लिफ्ट’ बनवून मिळते. कापड दुकानाचे गठ्ठे आणि सिमेंटच्या गोण्या चढवायला ती वापरली जाते, स्वस्तही पडते. माणसासाठी ती वापरू नये. साखळी तुटली तर पिंजरा धरून ठेवणारी यंत्रणा तिच्यात नसते. प्लॅटफॉर्म मजल्यावर नसतानाही दार उघडतं. व्हीलचेअरवरचा माणूस अशा वेळी उडी मारून बाजूलाही होऊ शकत नाही.

सुरक्षेच्या कोणत्या गोष्टींवर तडजोड नको?

- प्लॅटफॉर्म समोर असल्याशिवाय त्या मजल्याचं दार उघडू नये
- दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये
- उघड्या लिफ्टखाली काही आलं, मूल असो वा कुत्रं, तर स्पर्श होताच ती थांबावी
- खुर्ची मागे घरंगळू नये यासाठी आपोआप उभी होणारी पट्टी किंवा दार
- जादा वजन झालं तर लिफ्ट सुरूच न होणं
- हाताच्या टप्प्यात इमर्जन्सी स्टॉप, आणि लाइट गेली तरी वाजणारी घंटा
- हाताने खाली आणायची सोय, जी घरातल्या किमान दोन माणसांना येते

लिफ्ट कोणत्या मानकानुसार बनली आहे, हे विक्रेत्याला लेखी विचारा. चढ-उतारास अडचण असलेल्यांच्या उभ्या प्लॅटफॉर्म लिफ्टसाठी आयएसओ 9386-1 आणि युरोपचं ईएन 81-41 ही मानकं आहेत. घरगुती लिफ्टसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस 15259 ही संहिता आहे. ‘इंटरनॅशनल क्वालिटी’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा.

परवानगी लागते का?

महाराष्ट्रात लिफ्ट, सरकते जिने आणि चलते मार्ग यांच्यासाठी 2017 चा कायदा आहे. त्याआधी 1939 चा मुंबई लिफ्ट कायदा होता. लिफ्ट उभारण्याआधी परवानगी आणि सुरू करण्याआधी परवाना, ही त्याची मूळ चौकट. हे काम विद्युत निरीक्षण यंत्रणेकडे आहे. आपण घेत असलेला प्रकार परवान्याच्या कक्षेत येतो का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात विचारा. ‘घरगुती आहे, काही लागत नाही’ हे विक्रेत्याचं म्हणणं पुरेसं नाही. परवान्याचं काम कोण करणार आणि त्याचा खर्च कोणाकडे, हे कोटेशनमध्ये यायला हवं.

स्लॅब फोडायचा किंवा बाहेरून सांगाडा उभारायचा तर नगर परिषदेच्या बांधकाम विभागाशी बोला. दुकानाचा रॅम्प नालीवर किंवा रस्त्यावर येत असेल तर अतिक्रमणाचा प्रश्न येतो. तिथे दुकानाच्या हद्दीत मावणारी लिफ्ट किंवा कामापुरता टाकायचा रॅम्प बरा. नांदेड-लातूरमधल्या अपार्टमेंटमध्ये जिना सामाईक असतो. तिथे सोसायटीची लेखी संमती घ्या आणि आग लागल्यास सुटकेची वाट अरुंद होणार नाही, हे पाहा.

दुकानदार, डॉक्टर, क्लासवाल्यांवर कायद्याचं बंधन आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांचा वावर असलेल्या खासगी इमारतीही येतात. व्यापार, शिक्षण, आरोग्यसेवा, धार्मिक व सांस्कृतिक उपक्रम यांसाठी वापरात असलेल्या इमारतींचा त्यात उल्लेख आहे. कलम 44 नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला मिळू नये. कलम 45 मध्ये जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच संपली. कलम 46 खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी 50 हजार ते 5 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम 89 मध्ये आहे.

मग अंमलबजावणी का दिसत नाही? याचं एक उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच दिलं. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. 2017 च्या नियमांतला नियम 15(1) केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा आहे, तर कायद्याला सक्ती अपेक्षित आहे, त्यामुळे हा नियम कायद्याशी विसंगत ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं. सक्तीची किमान मानकं तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेशही केंद्राला दिला. थोडक्यात, ‘करता आलं तर करा’ हा अर्थ आता काढता येणार नाही.

नव्या बांधकामासाठी राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत. आपल्या भूखंडाला आणि वापराला त्यातल्या कोणत्या लागू होतात, हे नकाशा मंजुरीच्या वेळीच विचारून घ्या. बांधकाम सुरू असताना लिफ्टसाठी स्लॅबमध्ये जागा सोडली तर खर्च नाममात्र होतो. तीच जागा नंतर फोडून काढायची तर इंजिनीअर, तोडकाम आणि सांगाडा असा तिहेरी खर्च येतो. आज लिफ्ट घ्यायची नसली तरी घर बांधणाऱ्याने एकावर एक येतील अशी दोन कपाटं ठेवावीत. उद्या मधला स्लॅब काढून तिथेच शाफ्ट होतो. तो भाग बीमविरहित ठेवायला इंजिनीअरला आधीच सांगावं लागतं, एवढंच.

व्यवसायाच्या बाजूनेही हिशेब आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनासाठी देशभरातून भाविक येतात, त्यात वयस्कर मंडळी बरीच असतात. तीन पायऱ्या चढता न येणारं गिऱ्हाईक दुकानाबाहेरूनच परत फिरतं आणि दुकानदाराला ते कळतही नाही.

खर्चाला मदत मिळते का?

रॅम्पचा खर्च हजारांत आणि लिफ्टचा लाखांत, हा मूळ फरक आहे. लिफ्टची किंमत चढाईची उंची, दारांची संख्या, बंदिस्त शाफ्ट आणि बांधकाम यावर ठरते. दोन कोटेशन तोलताना जीएसटी, वाहतूक, सांगाडा, वायरिंग, परवाना आणि पहिल्या वर्षाची देखभाल त्यात धरली आहे का, ते पाहा. एकाने मशीनचीच किंमत सांगितलेली असते, दुसऱ्याने सगळी.

महाराष्ट्रात 3 डिसेंबर 2022 रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा शासनाचा आदेश आहे. घरातल्या सुविधेसाठी त्यातून काही मिळू शकतं का, याची चौकशी यूडीआयडी कार्ड घेऊन नगर परिषद आणि जिल्हा परिषदेत करा. मदत मिळेलच असं गृहीत धरून लिफ्टची ऑर्डर मात्र देऊ नका. सार्वजनिक इमारतीत प्रवेशच नाकारला जात असेल तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला काय विचारावं?

- बिघाड झाला तर तंत्रज्ञ कुठून येणार? नांदेडहून, हैदराबादहून की पुण्याहून? किती तासांत?
- गाडी वर अडकली आणि माणूस आत आहे, तर फोन कोण उचलणार?
- वार्षिक देखभालीचा करार किती रुपयांचा, त्यात सुटे भाग धरले आहेत का?
- झिजणारे भाग कोणते, ते किती वर्षं मिळत राहतील?
- जवळपास बसवलेली लिफ्ट प्रत्यक्ष दाखवता का?

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. कॅटलॉग पाहण्यापेक्षा दोन वर्षं जुनी लिफ्ट पाहावी आणि ती वापरणाऱ्यांशी बोलावं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता चाचणीपर्यंत राखून ठेवा. चाचणीला विक्रेत्याच्या माणसाला उभं करू नका. ज्याच्यासाठी लिफ्ट घेतली तो स्वतःच्या खुर्चीत बसून, रस्त्यापासून निघून, कुणी हात न लावता वरच्या खोलीपर्यंत आणि तिथून संडासापर्यंत जाऊन परत यायला हवा. मग लिफ्ट मधोमध असताना मेन स्विच बंद करा आणि तो किती वेळात सुखरूप बाहेर येतो, ते घड्याळात पाहा. हे दोन्ही नीट झालं की उरलेला हप्ता द्या.